अस्लानबेक शेरिपोवचा अपुरा युक्तिवाद

अस्लानबेक शेरिपोव या चेचेन लेखकाची ओळख करून देताना त्याच्या आयुष्याचे सहसा दोन तुकडे केले जातात. पहिल्या तुकड्यात लोकगीते जमवणारा, वर्तमानपत्रांत लिहिणारा, परिषदांतून बोलणारा तरुण असतो. दुसऱ्यात लाल सेनेचा सेनानी असतो, जो सप्टेंबर १९१९ मध्ये वोझ्द्विझेन्स्काया इथल्या लढाईत, वयाच्या बाविसाव्या वर्षी मारला गेला. सोव्हिएत चरित्रकारांनी दुसरा तुकडा उचलून धरला, कारण त्यांना हुतात्मा हवा होता. त्याच सोव्हिएत सत्तेने पुढे चेचेनांचे काय केले हे ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला पहिला तुकडा जवळचा आणि दुसरा अडचणीचा वाटला तर नवल नाही. मला हे तुकडे पाडणेच चुकीचे वाटते. शेरिपोवने लेखणी खाली ठेवून बंदूक उचलली असे झालेले नाही. दोन्हींतून तो एकच गोष्ट सांगत होता. चेचेनांचे वैर रशियन माणसाशी नाही, त्यांच्यावर लादलेल्या कारभाराशी आहे. तो कारभार गेला की डोंगरातला हा समाज इतर कोणत्याही समाजासारखा नागरिक म्हणून नांदेल. गाण्यांच्या पुस्तकात त्याने हे मांडले आणि फौज उभारून ते खरे करून दाखवायला निघाला. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग पक्का होता, दुसरा कच्चा होता. त्याच्या लेखनाकडे गांभीर्याने पाहायचे तर हे दोन्ही नीट तपासले पाहिजे.

आधी लेखक आणि मग सैनिक हा क्रम साध्या तपशिलातही टिकत नाही. १८९७ मध्ये जन्मलेल्या शेरिपोवचे शिक्षण सुरू झाले ते युक्रेनमधल्या पोल्तावाच्या कॅडेट शाळेत, म्हणजे झारच्या फौजेचे भावी अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत. तिथून तो ग्रोझनीच्या रेआल शाळेत, म्हणजे विज्ञान-गणितावर भर देणाऱ्या माध्यमिक शाळेत, आला आणि क्रांतीच्या वर्षी, १९१७ मध्ये तिथून बाहेर पडला. सैनिकी वळण आधीचे, साहित्य नंतरचे. यात तो एकटाही नव्हता. चेचेनांविषयी चेचेन माणसाने लिहिलेला पहिला मोठा अभ्यास १८७२ मध्ये रशियन भाषेत छापला गेला, आणि तो लिहिणारा उमालात लाउदायेव झारच्या सैन्यातला अधिकारी होता. साम्राज्याने जिंकलेल्या डोंगरी समाजातल्या मुलाला छापील अक्षरापर्यंत नेणारी वाट बहुधा बराकीतून किंवा कचेरीतून जात असे. चेचेन भाषेसाठी उस्लार या रशियन अभ्यासकाने १८६० च्या दशकात लिपी तयार केली होती, ताश्तेमिर एल्दारखानोव या शिक्षकाने पुढे मुळाक्षरांचे पुस्तकही रचले. पण वर्तमानपत्र, छापखाना, वाचकवर्ग या अर्थाने चेचेन भाषेला स्वतःचे सार्वजनिक जीवन मिळाले ते १९२० च्या दशकात. शेरिपोवच्या हयातीत चेचेन माणसाला स्वतःची बाजू छापून मांडायची तर ती रशियनमधूनच मांडावी लागे. ज्या समाजाकडे दैनिक नाही, विद्यापीठ नाही, विधिमंडळात जेमतेम एखादा माणूस आहे, त्या समाजातल्या लेखकाने फक्त लेखक राहायला हवे होते असे म्हणताना आपण त्याच्याकडून अशा चैनीची अपेक्षा करतो जी त्याच्या गावात कोणालाच परवडत नव्हती.

ही बाजू त्याने कुठून उचलली ते पाहणे मोलाचे आहे. १९१८ मध्ये व्लादिकाव्काझला त्याची एक छोटी पुस्तिका निघाली, चेचेन गाण्यांची रशियन भाषांतरे. ही गाणी म्हणजे इल्ली, तीन तारांच्या पोंदुरवर गायची वीरगीते, आपल्या पोवाड्याच्या नात्यातली. त्यांतही शेरिपोवने अब्रेकांची गाणी निवडली. अब्रेक म्हणजे कायद्याबाहेर गेलेला, डोंगरात राहून अधिकाऱ्यांशी झुंजणारा माणूस. सरकारी कागदांत तो दरोडेखोर होता. शेरिपोवचे म्हणणे वेगळे होते. हा समाज अब्रेकावर प्रेम करतो, कारण अधिकाऱ्याच्या मनमानीपुढे उभा राहणारा दुसरा कोणी त्याला दिसत नाही. आणि क्रांती चेचेन्यात आली ती या गाण्यांच्या सुरावर, असे त्याने लिहिले. चेचेन गाणी रशियन वाचकाला तोवर अपरिचित होती असे मुळीच नाही. तरुण टॉलस्टॉयने १८५२ मध्ये आपल्या चेचेन मित्रांकडून दोन गाणी ऐकून रशियन अक्षरांत उतरवून घेतली होती. पुढे त्याने छापील संग्रहातली काही गाणी कवी फेटला पाठवली, फेटने त्यांची रशियन कवने केली, आणि टॉलस्टॉयच्या ‘हाजी मुरात’ या कादंबरीतही ती गाणी आली. पण टॉलस्टॉयला त्या गाण्यांत मृत्यूपुढे न वाकणारा माणूस दिसला आणि त्याने त्याची थोरवी ओळखली. शेरिपोवला त्यांत तक्रार ऐकू आली. दोन्ही वाचने खरी आहेत, मात्र दुसरे वाचन आतल्या माणसालाच शक्य होते. गाणे ज्या पट्टीच्या, दंडाच्या, हद्दपारीच्या हुकमावर उठले तो हुकूम त्याच्या शेजारच्या गावावर बजावला गेलेला होता.

गाणी ही तक्रार असते हा शेरिपोवचा कल्पनाविलास नव्हता. त्याच्या पिढीच्या डोळ्यांसमोर झेलिमखान हा खाराचोय गावचा अब्रेक होता. १९०१ मध्ये दोन घराण्यांच्या वैरातून तुरुंग झाल्यावर तो डोंगरात गेला, त्याने बडे अधिकारी मारले, १९१० मध्ये किझ्ल्यारच्या खजिन्यावर धाड घातली, आणि १९१३ मध्ये शालीजवळ तो मारला गेला. त्याला पकडता येईना म्हणून सरकारने गावांवर दंड बसवले, नातलगांना हद्दपार केले, सूफी शेखांना मध्य रशियात पाठवले. या झेलिमखानने १९०९ मध्ये ड्यूमाच्या, म्हणजे रशियन विधिमंडळाच्या, अध्यक्षांना एक पत्र पाठवले होते. रशियन लिहिता न येणाऱ्या माणसाने दुसऱ्याकडून लिहून घेतलेले हे पत्र. आपण अब्रेक का झालो, कोणत्या अधिकाऱ्याने कोणावर कोणता अन्याय केला, हे त्यात क्रमाने सांगितलेले आहे. मला हे पत्र फार महत्त्वाचे वाटते. डोक्यावर इनाम लागलेला माणूस, ज्याला न्यायालयात पाऊल टाकता येत नाही, तो आपली बाजू विधिमंडळाच्या नोंदीत यावी म्हणून कागदाचा आधार घेतो. बंदूक हाती असूनही त्याला कोणीतरी ऐकायला हवे होते. शेरिपोवने नऊ वर्षांनी गाण्यांची पुस्तिका काढली तेव्हा तो हेच काम पुढे नेत होता. फरक असा की झेलिमखान एकट्यापुरते बोलला. शेरिपोवने दाखवले की अशी माणसे पिढ्यानपिढ्या निपजत आहेत, त्या अर्थी दोष माणसांच्या स्वभावात नसून त्यांना डोंगरात हाकलणाऱ्या व्यवस्थेत आहे.

इथून फौजेकडे जाणारी वाट सरळ आहे. गाण्यांतला अब्रेक शूर आहे, पण जवळजवळ प्रत्येक गाण्यात तो मरतो, आणि त्याच्यानंतर गाव पूर्वी होते तिथेच राहते. ज्याने ही गाणी एकापाठोपाठ एक उतरवून घेतली त्याला हे दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. १९१८ चे तेरेक खोरे तर एकेकट्या शौर्याला दाद देणारे उरलेच नव्हते. जानेवारीत मोझ्दोकला तेरेकच्या जनतेची म्हणून परिषद भरली, तिला चेचेन आणि इंगुश प्रतिनिधी नव्हते, आणि या दोन समाजांविरुद्ध सर्वांनी मिळून युद्ध पुकारावे असा कोसॅक या लढवय्या रशियन वसाहतकारांच्या पुढाऱ्यांचा प्रस्ताव होता. बोल्शेविक नेता किरोव आणि इतर समाजवाद्यांनी तो हाणून पाडला. दोन समाजांच्या जिवाचा निवाडा त्यांच्या अनुपस्थितीत होऊ घातला होता! शेरिपोव पुढच्या परिषदांत बोलू लागला, तेरेकच्या सोव्हिएत प्रजासत्ताकात त्याने जबाबदारीचे पद घेतले, गोयती गावच्या लोकपरिषदेशी तो जोडला गेला, आणि त्याच वर्षी त्याने चेचेन लाल सेना उभी केली. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१८ असे शंभर दिवस कोसॅक बंडखोरांनी ग्रोझनीला वेढा घातला. शहराच्या बचावाचे नेतृत्व निकोलाय गिकालो करत होता आणि शेरिपोवची चेचेन तुकडी त्याच्या मदतीला लढली. या फौजेचे वेगळेपण तिच्या संख्येत नव्हते. ती एका परिषदेला बांधील होती, तिच्यातला माणूस स्वतःच्या वैरासाठी लढत नव्हता, आणि ती रशियन कामगारांच्या शेजारी उभी राहत होती. अब्रेकाला नागरिक-सैनिक करण्याचा हा प्रयोग होता. पुस्तिकेत जे म्हणणे होते तेच इथे हजारो माणसांना करून दाखवायचे होते.

यावर साहित्याच्या बाजूने एक आक्षेप येईल. काही भाषांतरे, काही लेख आणि भाषणे एवढ्यावर एखाद्याला लेखक म्हणावे का? आणि ज्याचे लेखन एका राजकीय हेतूला जुंपलेले आहे ते प्रचार नव्हे काय? भाषांतरे थोडी आहेत हे खरे. पण प्रचारक सहसा लोकांच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो. शेरिपोवने अशी गाणी निवडली ज्यांत वर्गसंघर्ष नाही, पक्ष नाही, मार्क्सही नाही. त्यांत मान आहे, आईचे दुःख आहे, पाहुण्याला दिलेला शब्द आहे, देवावरचा विश्वास आहे. बोल्शेविकांच्या बाजूने उभा असलेला तरुण ही गाणी त्यांच्या मूळ श्रद्धेसकट छापतो, यातच त्याची लेखक म्हणून सचोटी दिसते.

खरा जड आक्षेप दुसरा आहे आणि तो टाळून शेरिपोवविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. ज्या सत्तेसाठी तो मेला, त्या सत्तेने पंचवीस वर्षांच्या आत त्याच्या सगळ्या समाजाला घराबाहेर काढले. मग त्याची निवड चुकलीच नाही का? याचे उत्तर शोधताना १९१९ मध्ये उभे राहावे लागते. फेब्रुवारीत डेनिकिनच्या श्वेत सेनेने ग्रोझनी घेतले. एकसंध, अविभाज्य रशिया ही डेनिकिनची घोषणा होती, आणि तिच्यात चेचेनांना जागा होती ती जित प्रजा म्हणून. वसंत ऋतूत अल्खान-युर्तसारखी गावे तोफांखाली जाळली गेली. तापा चेर्मोयेव या तेलमालकाच्या पुढाकाराने स्थापन झालेले डोंगरी प्रजासत्ताक तुर्कांच्या आणि मग ब्रिटिशांच्या आशेवर जगत होते, आणि मे १९१९ मध्ये ते विसर्जित झाले. वृद्ध शेख उझून-हाजीने त्या सप्टेंबरात वेदेनोला अमिरात जाहीर केली. ती डेनिकिनविरुद्ध निष्ठेने लढली, इतकी की गिकालोची लाल तुकडी अमिरातीच्या सैन्यातली एक पलटण म्हणून उभी राहिली. धर्मगुरूच्या झेंड्याखाली बोल्शेविक लढत होते, यावरून त्या वर्षी कोणाला किती निवड होती ते कळते. सुंझा नदीच्या काठची सुपीक जमीन १९ व्या शतकात हिसकावून कोसॅक वसाहतींना दिलेली होती. ती परत देऊ असे उघडपणे म्हणणारा रशियातला एकमेव पक्ष बोल्शेविकांचा होता. शेरिपोव भोळेपणाने त्यांच्याकडे गेला असे म्हणण्यासाठी दुसरा शहाणपणाचा रस्ता दाखवता यायला हवा, आणि १९१९ च्या सप्टेंबरापर्यंत तरी तो मला दिसत नाही. वोझ्द्विझेन्स्काया हा १८४४ मध्ये चेचेन्याच्या छातीवर बांधलेला रशियन किल्ला. तिथली श्वेत शिबंदी उठवताना शेरिपोव पडला.

तरीही त्याच्या युक्तिवादाचा कच्चा भाग याच जमिनीच्या प्रश्नात उघडा पडतो. १९१८ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये सुंझाकाठच्या कोसॅक वसाहती सोव्हिएत सत्तेच्या संमतीने उठवण्यात आल्या. कुटुंबेच्या कुटुंबे, त्यांत बंडाशी काडीचाही संबंध नसलेली, गावाबाहेर काढली गेली आणि घरे-जमिनी डोंगरी लोकांना वाटल्या. जमीन मुळात कोणाची होती हा प्रश्न एका बाजूला ठेवू. एका सबंध समाजाला शत्रू ठरवून, मोजून, गाड्यांत भरून हलवता येते हे तंत्र त्या खोऱ्यात तेव्हा वापरले गेले, आणि तेव्हा लाभार्थी चेचेन आणि इंगुश होते. शेरिपोवने आयुष्यभर सांगितले होते की झारचे सरकार एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या गावाला दंड करते म्हणून अब्रेक निपजतो. हेच तत्त्व कोसॅकांना लावले असते तर त्याच्या बाजूच्या सत्तेला थांबावे लागले असते. तो त्या सत्तेचा पदाधिकारी होता, आणि त्याच्या युक्तिवादात यासाठी जागा नव्हती. कारभार बदलला की अन्याय संपेल असे त्याने धरले होते. नवा कारभार जुनेच हत्यार उचलेल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न त्याने विचारला नाही. बावीस वर्षांच्या माणसाला हे सुचायला हवे होते असे म्हणणे कठोर आहे हे मला कळते. पण आपण त्याला दगडी पुतळा न मानता विचार करणारा माणूस मानतो, म्हणूनच त्याच्याकडून ही अपेक्षा करतो.

नव्या सत्तेने सुरुवातीला शब्द पाळल्यासारखे दिसले. नोव्हेंबर १९२० मध्ये स्टालिनने व्लादिकाव्काझला येऊन डोंगरी लोकांच्या शरियतीला आणि रूढींना मान देण्याचे आश्वासन दिले. पण १९२५ मध्ये चेचेन्यात फौज घुसवून घरोघरची शस्त्रे गोळा केली गेली, दशकाच्या शेवटी सक्तीची सामूहिक शेती आली आणि तिच्यामागून उठाव आले. पुढची धाड लेखकांवर पडली. शेरिपोव जगला असता तर ज्यांच्यासोबत चेचेन साहित्य घडवले असते ती पिढी १९३७ आणि त्यानंतरच्या अटकांत सापडली: कथाकार सईद बादुयेव छावणीत मेला, खालिद ओशायेवने तुरुंग भोगला, आणखी कितीतरी गोळीने गेले. ग्रोझनीच्या वेढ्यात शेरिपोवबरोबर लढलेल्या गिकालोला १९३८ मध्ये त्याच्याच सरकारने गोळी घातली. आणि १९४२ मध्ये शेरिपोवचा सख्खा धाकटा भाऊ माइरबेक शातोय आणि इतुम-काले भागात सोव्हिएत सत्तेविरुद्ध सशस्त्र उठावाचा नेता झाला. त्याच नोव्हेंबरात तो मारला गेला.

दोन भावांची ही उदाहरणे समोर ठेवून काहीजण म्हणतील की थोरल्याला जे कळले नाही ते धाकट्याला कळले. मला हे पटत नाही. माइरबेक स्वतः सोव्हिएत प्रशासनात अधिकारी होता, तो डोंगरात गेला तो बावीस वर्षांचा कारभार आतून पाहून. आणि डोंगरात गेल्यावर त्याने ज्या वाटेवर पाऊल ठेवले ती नेमकी अब्रेकाची जुनी वाट होती, जिचा शेवट थोरल्याने पुस्तिकेत छापून ठेवला होता. थोरल्याचे निदान खोटे ठरण्याऐवजी खरेच ठरले. अधिकारी बदलले, कारभाराची रीत बदलली नाही, म्हणून अब्रेक पुन्हा निपजला, आणि या खेपेला शेरिपोवांच्याच घरात निपजला.

२३ फेब्रुवारी १९४४ रोजी, म्हणजे लाल सेनेच्या वर्धापनदिनी, चेचेन आणि इंगुशांना गाड्यांत भरून कझाकस्तान आणि किर्गिझस्तानकडे नेले गेले. ही माणसे पाच लाखांच्या आसपास होती. आघाडीवर लढणारे चेचेन सैनिक, पक्षाचे सभासद, हुतात्म्यांचे वारस, कोणालाच वगळले नाही. प्रजासत्ताक पुसून टाकले, गावांची नावे बदलली, चेचेन पुस्तके ग्रंथालयांतून काढून नष्ट केली. शेरिपोवच्या युक्तिवादाला सत्तेने दिलेले हे उत्तर होते: भांडण कारभाराशी नाही, या माणसांच्या रक्तातच आहे. म्हणून १९४९ मध्ये ग्रोझनीत जनरल येर्मोलोवचा अर्धपुतळा पुन्हा बसवणे सुसंगतच होते; १९ व्या शतकात चेचेन गावे उद्ध्वस्त करणारा हा सेनापती आता शहराचा संस्थापक म्हणून मिरवला गेला. १९५७ मध्ये लोक परतले तेव्हा तो पुतळा तिथेच उभा होता आणि पुढची तीन दशके तो स्फोटांनी हादरत राहिला. त्याच शहरात १९७३ मध्ये शेरिपोव, गिकालो आणि इंगुश क्रांतिकारक गापुर आख्रियेव यांचे मैत्रीचे भव्य स्मारक उभारले गेले. एकाच शहरात येर्मोलोव आणि शेरिपोव दोघांनाही मान द्यायचा तर शेरिपोवचे तोंड बंद ठेवणे भाग होते, कारण पुस्तिकेतली गाणी येर्मोलोवने सुरू केलेल्या कारभाराविषयीच बोलतात. ग्रोझनीतली माणसे त्या स्मारकातल्या तिघांना ‘तीन मूर्ख’ म्हणू लागली. हे नाव कडवट आहे, पण ते ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. ज्या मैत्रीच्या नावाने हा दगड उभा होता तिचा अनुभव त्यांना मालगाडीच्या डब्यात आलेला होता.

या तिघांपैकी निदान शेरिपोवला तरी मी मूर्ख म्हणणार नाही. अब्रेक का निपजतो याचे त्याने केलेले निदान झारच्या काळाला लागू पडले, स्टालिनच्या काळाला लागू पडले, आणि १९९४ मध्ये पुन्हा रणगाडे ग्रोझनीत शिरल्यावर जे घडले त्यालाही लागू पडले. त्याने सुचवलेला उपाय मात्र अपुरा होता, कारण त्यात सत्तेला बदलण्याची सोय होती, तिला आवरण्याची नव्हती. झेलिमखानच्या पत्राची दखल घेणारे न्यायालय, सुंझाकाठच्या निरपराध कोसॅक कुटुंबाची बाजू छापणारे वर्तमानपत्र, माइरबेकला डोंगरात जाण्याआधी तक्रार नोंदवता येईल अशी कचेरी, यांतले काहीच त्याच्या फौजेला उभारता आले नाही आणि त्याच्या पक्षाला उभारायचे नव्हते. गाण्यांची पुस्तिका काढणाऱ्या शेरिपोवला अशा संस्थांची गरज कळली असावी असे मला वाटते, कारण ऐकून घेणाराच कोणी नाही हेच त्या गाण्यांचे दुःख आहे. सेनापती शेरिपोवला त्या उभारायला वेळ मिळाला नाही, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी त्याचा फोटो भिंतीवर लावून त्याचे पुस्तक कपाटात ठेवले.